मार्चचा धागा

ज्या शहरात पाण्याखेरीज काहीच फुकट मिळत नाही, त्या शहरात रुम्यानाने नवऱ्याला आधी पाणीच दाखवलं.

असेन बल्गेरियातून बसने आला होता. त्याचं गाव रोडोपी डोंगरात. तिथून झ्युरिकपर्यंत बसून यायचं म्हणजे पाठीचा पार भुगा होतो. उतरल्यावर त्याला धड सरळ उभंही राहता येईना. रुम्यानाने त्याला मिठी मारली, त्याच्या हातातली जड पिशवी हिसकावून घेतली आणि त्याला ओढतच रस्त्याकडेच्या एका दगडी हौदापाशी नेलं. हौदाच्या मधोमध खांब, खांबावर भालाबिला घेतलेला कुणीतरी वीर, आणि त्याच्या पायाशी तोट्यांतून अखंड धार.

"पी. मनसोक्त पी," ती म्हणाली. "इथे पावलोपावली असे हौद आहेत. बाटली विकत घ्यायची नाही, आधीच सांगून ठेवते."

असेन ओंजळीने पाणी प्यायला. मिशा पुसत म्हणाला, "आपल्या झऱ्याची चव नाही याला."

"आला नाहीस तोच सुरू झालास?"

"हात पुढे कर."

"कशाला?"

"कर तर."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत लाल आणि पांढऱ्या लोकरीचा पिळलेला धागा होता. त्यांच्याकडे मार्च लागला की सगळेच हा धागा मनगटाला बांधतात. म्हातारे, पोरं, शेळ्यांची करडंसुद्धा. पहिलं फुललेलं झाड दिसेपर्यंत तो काढायचा नाही. झाड दिसलं की सोडायचा, त्याच झाडाच्या फांदीला बांधायचा आणि मनात एक मागणं मागायचं. असेनची आई हा धागा अजून घरी पिळते. ऐंशी ओलांडली, डोळ्यांना फारसं दिसत नाही, सगळं बोटांच्या अंदाजाने. दृष्ट लागू नये म्हणून लाल-पांढऱ्यात ती एक निळा पदरही घालते. गावात हा निळा पदर दुसरं कुणी घालत नाही. आईचा धागा लांबूनही ओळखू येतो.

असेनच्या मनगटाला आईने आधीच बांधला होता. हा त्याने बायकोच्या मनगटाला गुंडाळला आणि गाठ मारली. त्यावर दुसरी मारली. मग तिसरी.

"अरे, रक्त थांबेल माझं!"

"थांबू दे. घरी पोचेपर्यंत सुटायला नको."

रुम्यानाने वाकून पाण्यात हात धुतले, ओला धागा झटकला आणि पिशवी उचलून चालायला लागली.

घरी पोचेपर्यंत म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. रुम्याना आठ वर्षं या शहरात फ्राउ आमान नावाच्या एका म्हातारीला सांभाळत होती. तिच्याच घरात राहायचं, तिला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, रात्री तिने घंटी वाजवली की उठायचं. वर्षातून एकदा, ऑगस्टात, ती घरी यायची आणि पाहता पाहता परत जायची. आधी लेकीच्या शिक्षणासाठी, मग लेकीच्या लग्नासाठी, मग छपरासाठी. आता लेक प्लोव्दिवला नांदत होती, छपरावर नवी कौलं होती, आणि फेब्रुवारीत फ्राउ आमान गेल्या. म्हणजे काम संपलं. असेनच्या हिशेबात यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याने येताना एक आणि जाताना दोन अशी तिकिटं काढली होती, रविवारच्या बसची.

"दोन काढलीत हं परतीची," त्याने फोनवर मुद्दाम सांगितलं होतं.

"आधी ये तर खरा," ती म्हणाली होती. "शहर बघ. आठ वर्षं नुसता येतो येतो म्हणतोयस."

आणि धाग्यांचं म्हणाल, तर त्याची एक वेगळीच कथा होती. दर फेब्रुवारीत असेन आईचा धागा पाकिटात घालून झ्युरिकला पाठवायचा. पहिल्या वर्षी रुम्याना फोनवर रडत म्हणाली होती, की इथल्या झाडाला मी नाही बांधणार. पेटीत जपून ठेवते. कायमची परत आले ना, की सगळे एकदम आपल्या झांकाला बांधीन. झांका म्हणजे त्यांच्या अंगणातलं जंगली आलुबुखाराचं झाड. अंगणात शिरताना डोक्याला फांदी लागते असं. ऑगस्टात ती यायची तेव्हा झाडावर फूल नसायचं, म्हणून पेटी तिकडेच राहायची. असेनला ते बोलणं इतकं गोड लागलं, की त्याने ते अख्ख्या गावात करून टाकलं. दुकानात, न्हाव्याकडे, मयताच्या जेवणातसुद्धा. पुढे पुढे लोक खवचटपणे विचारायला लागले, "काय असेन, झाडाला फांद्या पुरतील ना रे?" तो हसायचा. आतून मात्र जळायचा.

फ्राउ आमानचं घर टेकडीवर होतं. तिच्या मुलाने महिनाअखेरपर्यंत रुम्यानाला तिथे राहू दिलं होतं, म्हणून मुक्काम फुकट. पण घर रोज थोडं थोडं उठून चाललं होतं. कपाटांवर वारसांनी आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते, आणि असेन आला त्याच संध्याकाळी दोन माणसं येऊन पलंगही घेऊन गेली. मग नवरा-बायको जमिनीवर गादी टाकून झोपली. मेलेल्या बाईच्या रिकाम्या घरात पाय पसरायला असेनला कसंतरीच वाटत होतं.

"त्यांच्याच खोलीत गेल्या का गं?"

"माझ्या हातावर गेल्या," रुम्याना अंधारात म्हणाली. "मुलगा दुसऱ्या दिवशी आला."

दुसऱ्या दिवसापासून शहर दाखवणं सुरू झालं. आभाळ जे खाली आलं होतं ते वर जायलाच तयार नव्हतं. तळं करडं, आभाळ करडं, आणि पलीकडचे बर्फाचे डोंगर, ज्यांच्यासाठी जगभरचे लोक इथे येतात, ते असेनला एकदाही दिसले नाहीत.

रुम्याना पुढे आणि तो मागे. ती त्याला नदीकाठच्या उंच गच्चीवर घेऊन गेली. तिथे पेन्शनीत निघालेले म्हातारे कमरेएवढ्या लाकडी सोंगट्या ढकलत बुद्धिबळ खेळत होते. बघायला पैसे पडत नव्हते. मोठ्या चर्चमध्ये गेली. आत ऊब होती, बसायला बाकं होती, कुणी उठवत नव्हतं. एका मोठ्या दुकानाच्या अगदी वरच्या मजल्यावर गेली. तिथला संडास फुकट होता आणि खिडकीतून अख्खं शहर दिसायचं. कुठल्या बेकरीत संध्याकाळी पाव निम्म्याने मिळतो, कुठल्या वाचनालयात कोट काढून बसता येतं, पाऊस आला तर कुठल्या कमानीखाली वारा लागत नाही, सगळं तिला तोंडपाठ. दुपारी बाकावर बसून दोघं असेनने आणलेलं खात: उकडलेली अंडी, पांढरं चीज, पावावर आईने केलेली मिरच्यांची लाल चटणी, ल्युतेनित्सा.

"तुला बरं सगळं फुकटातलं ठाऊक," असेन कौतुकाने म्हणाला.

"नाहीतर काय करणार होते?" ती म्हणाली. "कॉफी प्यायला बसावं तर तुझी कौलं डोळ्यापुढे यायची. एका कॉफीत किती कौलं, ते मला अजून पाठ आहे."

हे ती हसत म्हणाली, पण असेनने हातातला पाव खाली ठेवला. ते छप्पर त्याने स्वतःच्या हातांनी घातलं होतं, जातीचा गवंडी तो. पण कौलं तिची होती. गावात कुणी त्याच्या तोंडावर काही म्हणत नसलं, तरी पाठीमागे काय म्हणत असतील ते त्याला न ऐकताही ऐकू यायचं.

रंगीत काचांसाठी नावाजलेलं एक चर्च होतं. आत जायला तिकीट. दोघं बाहेर उभी राहून उंच खिडक्यांकडे बघत राहिली. बाहेरून त्या काचा नुसत्या काळ्या दिसत होत्या.

"आतून फार सुंदर आहेत म्हणे," रुम्याना म्हणाली. "फ्राउ आमान नेहमी सांगायच्या. निळी कुठली, हिरवी कुठली, सगळं."

"म्हणे? तू बघितल्या नाहीस?"

"नाही."

"आठ वर्षांत?"

"नाही म्हटलं ना."

असेनला एकदम भरून आलं. तो खिशात हात घालून म्हणाला, "चल. आज बघूच. होऊ दे काय व्हायचं ते."

"राहू दे रे. दोघांचं मिळून बरंच होतं," असं म्हणून तिने त्याचा दंड धरला आणि त्याला तिथून काढलं. तो ओढला गेला, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं त्याला. मग त्या सुटल्याची लाज वाटली.

वाटेत कुत्रं घेतलेली एक म्हातारी भेटली. लांबूनच तिने हात वर केला. रुम्याना थांबली आणि त्या घशातल्या भाषेत तिच्याशी भराभरा बोलायला लागली. हसली, कुत्र्याचे कान ओढले, म्हातारीच्या कोटाचं बटण लावून दिलं. असेन पिशवी धरून बाजूला उभा. त्याला एक शब्द कळत नव्हता, पण त्याचं लक्ष शब्दांकडे नव्हतंच. बायकोचा हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. घरी ती अशी पोटातून हसत नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"काय म्हणत होती?"

"काही नाही. विचारत होती, राहणार का म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं नवरा आलाय." ती चालायला लागली, मग चार पावलांवर थांबली. "असेन, आता विषय निघालाच आहे तर सांगते. गुब्लर म्हणून एक कुटुंब आहे. त्यांच्या वडिलांना माणूस हवंय सांभाळायला. फ्राउ आमानच्या मुलानेच माझं नाव दिलं. रविवारपर्यंत कळवायचंय."

असेन वरकरणी हसून म्हणाला, "त्यात काय? कळव की नाही म्हणून. आपल्याला रविवारी बस आहे. येणार आहेस ना तू?"

रुम्यानाने मान हलवली.

आता बल्गेरियात मान आडवी हलवली की हो आणि उभी हलवली की नाही. इथे सगळं उलटं. असेनला तिची मान नीट दिसली, पण ती तिथल्या रीतीने हलली की इथल्या, ते कळेना. तोंडाने विचारायचा धीर त्याला झाला नाही. ती हो म्हणाली असं त्याने ठरवून टाकलं आणि ट्राममध्ये बसल्यावर घरच्या गोष्टी काढल्या. न्हाणीघराला निळ्या फरशा बसवल्या. स्वयंपाकघरात तुझ्यासाठी ओटा उंच केला. आई म्हणते सून आली की मी चुलीला हात लावणार नाही. रुम्याना खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होती. मनगटावरचा धागा ती दुसऱ्या हाताच्या बोटाने सारखा फिरवत होती, पण गाठी इतक्या आवळलेल्या होत्या की तो फिरत नव्हता.

शनिवार उजाडला. शेवटचा दिवस, म्हणून रुम्यानाने दिवसभराचं तिकीट काढलं. त्यात ट्रामही येते आणि तळ्यातली छोटी फेरीही.

"बोटीत बसवल्याशिवाय तुला नाही पाठवायची," ती म्हणाली. पाठवायची, हा शब्द असेनला खटकला. पण खटकलेलं गिळायची त्याला आता सवय होत चालली होती.

बोटीला वेळ होता, म्हणून दोघं तळ्याच्या काठाने चालत निघाली. बागेत माणूस जवळजवळ नव्हतंच. ओलं गवत, मान पंखात खुपसून बसलेली बदकं, आणि वळणावर एकाएकी ते झाड. रस्त्यापासून जरा आत, अगदी पाण्याच्या कडेला. पान एक नाही आणि सगळं पांढरंफेक. एवढ्या करड्या दिवसात त्या झाडाने एकट्यानेच फुलायचं मनावर घेतलं होतं.

"झांका!" असेन ओरडलाच. "अगं रुमी, झांका बघ! इथेही होते होय ही?"

"असेल," ती म्हणाली. "चल, बोट चुकेल."

"आत्ताच तर म्हणालीस वेळ आहे." असेन रंगात आला होता, तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला ओळखीचं कुणी भेटलं होतं. "आणि हे बघ, डोळे मीट तू! मीट लवकर. फुललेलं झाड दिसलं तर धागा इथेच सोडावा लागेल तुला. आईला काय सांगू मग मी?"

"असेन, तिकडे चिखल आहे. जाऊ नकोस."

तिचा आवाज असा होता, की त्याने थांबायला हवं होतं. पण तो गवत तुडवत झाडाखाली पोचलासुद्धा. वास घ्यायला त्याने एक फांदी खाली ओढली.

फांदीला काहीतरी मळकट गुंडाळलेलं होतं. आधी त्याला वाटलं, पाखराने घरट्यासाठी आणलेली चिंधी असेल. शेजारच्या फांदीवर तसंच आणखी एक. त्याच्या वर आणखी. पावसाने लाल रंग उतरून कुठे गुलाबी, कुठे नुसता मातकट झाला होता. पण सगळ्यांत एक निळा पदर होता. निळा रंग तेवढा टिकला होता.

असेनने फांदी सोडली नाही. तो एकेक बघत गेला. बाईमाणसाचा हात पोचेल अशा उंचीवर सगळे. गेल्या सालचा अजून धागा वाटत होता. त्याच्या आधीचे जीर्ण झाले होते. आणि बुंध्याजवळच्या जाड फांदीवर दोन होते, ते जवळजवळ दिसतच नव्हते. झाडाची साल वाढून त्यांच्यावर चढली होती. ते आता कापूनही निघाले नसते.

रुम्याना चिखलातून येऊन त्याच्या मागे उभी राहिली होती.

"पेटीत ठेवलेत म्हणालीस," असेन न वळता म्हणाला. "दर वर्षी म्हणालीस. आईला फोन दिला तेव्हा आईलाही म्हणालीस."

"हो."

"मी गावभर सांगत फिरलो, रुमी. लोक मला विचारतात, झाडाला फांद्या पुरतील का म्हणून."

"पुरल्या की," ती हळूच म्हणाली.

एरवी यावर दोघं हसली असती. असेनला राग आला होता म्हणावं तर राग नव्हता. कुणीतरी भर बाजारात आपली टोपी उडवावी आणि ती टोपी आपल्याच बायकोच्या हातात दिसावी, तसं काहीतरी झालं होतं त्याला.

"पहिल्या वर्षीचा खरंच पेटीत ठेवला होता," रुम्याना म्हणाली. "शप्पथ. दुपारी फ्राउ आमान झोपायच्या, तेवढा वेळ माझा. कुठे जाणार? ओळखीचं कुत्रं नव्हतं या गावात. चालत चालत इथे यायची आणि त्या बाकावर बसून रडायची. पुढच्या मार्चला हे झाड फुललं. नियम तुझ्या आईचाच ना? झाड दिसलं की बांधायचा, नाहीतर वर्ष वाईट जातं. पहिलं वर्ष कसं गेलं होतं ते माझं मला माहीत. मी सोडला आणि बांधला. त्या रात्री मला झोप लागली, असेन. मग दुसऱ्या दिवशी पेटीतलाही आणून बांधला."

"आणि मला खोटं सांगत राहिलीस."

"तुला ते ऐकायला किती आवडायचं! 'पेटीत ठेवलास ना?' दर वर्षी पहिला प्रश्न तोच. मी कशी आहे, ते त्याच्यानंतर."

असेनला ते आठवलं, आणि ते खरं होतं.

"मागितलंस काय?" त्याने विचारलं. मागणं विचारायचं नसतं, तरी विचारलं.

"आधी एकच मागायची. घरी जाऊ दे. दोन-तीन वर्षं तेच. मग छप्पर नीट होऊ दे, तू पडूबिडू नकोस. मग पोरीचं लग्न. मग फ्राउ आमानचे गुडघे." ती थांबली. "गेल्या वर्षी काहीच नाही मागितलं. इथे उभी राहिले, आठवून बघितलं, काही सुचलंच नाही. नुसता बांधला आणि गेले."

तिने दुसऱ्या कुणाला मागितलं असतं तर असेन भांडला असता, तिला केसाला धरून बसमध्ये घातलं असतं, निदान तसं म्हणाला तरी असता. काहीच मागितलं नाही, याच्याशी भांडायचं कसं?

दोघं त्या बाकावर जाऊन बसली. रुम्यानाने सवयीने पिशवी उघडली, उरलेला पाव काढला, त्यावर बरणीतली शेवटची ल्युतेनित्सा खरवडून लावली आणि अर्धा त्याच्या हातात दिला. तो तसाच धरून बसला.

"मी तुझ्यासाठी ओटा उंच केला," तो म्हणाला. स्वतःलाच ते केविलवाणं वाटलं.

"माहीत आहे रे. फोटो पाठवला होतास." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण ऑगस्टात मी आपल्या घरी येते ना, तेव्हा चमचे कुठल्या खणात आहेत ते मला तुझ्या आईला विचारावं लागतं. दर वर्षी विचारते आणि दर वर्षी ते हललेले असतात. आई काही मुद्दाम करत नाही. तिचं घर आहे, ती तिच्या सोयीने ठेवते. तू तुझ्या सोयीने जेवतोस. मी नसते तेव्हा तुमचं काही अडत नाही, आणि मी आले की सगळे जरा अवघडता. मला कळतं ते. पाहुणी आल्यासारखी चांगली बशी काढता माझ्यासाठी."

"आम्ही... अगं, ते प्रेमाने काढतो."

"ते तर झालंच."

"आणि इथे कोण आहे तुझं? ती कुत्र्याची म्हातारी? उद्या हा गुब्लर. तोही मरेल. मग आणखी कुणी. शेवटी तुला कोण बघणार, रुमी?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी काही इथे सुखात आहे असं नाही म्हणत. तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, तुला चिडता तरी आलं असतं. पण सकाळी उठल्यावर पाय कुठे ठेवायचा ते मला इथे ठाऊक असतं. तिकडे आता नाही."

तळ्यावरून गार वारा आला आणि झाडाची थोडी फुलं पाण्यात पडली. लांबून बोटीचा भोंगा वाजला. ती पलीकडच्या काठावरून निघाली होती. असेनने पाव खाल्ला, कारण टाकायचा कसा. खाल्ला पण त्याची चव लागली नाही. उद्याच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी असेल, तिथे पिशवी ठेवता येईल, असला काहीतरी विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्याचा त्यालाच संताप आला.

मग रुम्यानाने बाही वर सारली आणि डावा हात त्याच्यापुढे धरला.

"सोडव," ती म्हणाली.

असेनने त्या मनगटाकडे बघितलं. धाग्याखालची कातडी लालसर झाली होती.

"तुझी तू सोड."

"एका हाताने नाही येत. कालपासून बघतेय. तीन गाठी मारल्यास तू."

"कालपासून?"

तिने हात मागे घेतला नाही.

"उद्या रविवार आहे, रुमी."

"ठाऊक आहे."

आठ वर्षांत जे फोनवर कधी बोललं गेलं नव्हतं, ते एवढ्यात बोलून झालं. असेनने तो हात मांडीवर घेतला. गवंड्याची बोटं, विटा-चुन्याने फुगलेली आणि बोथट झालेली. लोकर पाण्याने आवळून घट्ट झाली होती, नख आत शिरेना. पहिली गाठ कशीबशी सुटली. दुसरीला तो वाकला आणि दातांनी ओढली. तिच्या मनगटाला कुठल्याशा साबणाचा वास येत होता, त्यांच्या घरी कधीच न आलेल्या. तिसरी गाठ त्याने स्वतः सगळ्यात जास्त आवळली होती, घरी पोचेपर्यंत सुटू नये म्हणून. ती सोडवताना त्याचे डोळे इतके भरून आले की गाठ दिसेना, आणि आई करते तसं त्याने ती नुसत्या बोटांच्या अंदाजाने सोडवली.

दोघं झाडापाशी गेली. खालच्या फांद्या भरल्या होत्या, म्हणून असेनने वरची एक फांदी खाली ओढून धरली. रुम्यानाने धागा बांधला. बांधून झाल्यावर ती डोळे मिटून क्षणभर उभी राहिली. या वेळी काही मागितलं की नाही, ते त्याने विचारलं नाही. त्याने फांदी अलगद सोडली आणि ती आपल्या जागी वर गेली.

"आणि तुझा?" रुम्यानाने त्याच्या हाताकडे बघत विचारलं. "तूही बघितलंस की झाड."

असेनने कोटाची बाही मनगटावर ओढून घेतली.

"माझा राहू दे," तो म्हणाला. "आपली झांका अजून फुलायचीय."

बोट धक्क्याला लागत होती. दोघंही तिकडे चालायला लागली. दिवसभराचं तिकीट काढलेलं होतं, ते वाया घालवणं दोघांच्याही जिवावर आलं असतं.